सहाशे पन्नास फेऱ्या

नरखेड तालुक्यात 'ऑटोमॅटिक' म्हटलं की माणसाला विहिरीवरच्या पंपाचा ऑटो आठवतो. रात्री अडीचला शेतीची लाइन येते, मालक घरी घोरत असतो आणि पंप आपला आपण सुरू होतो. त्यामुळे आमच्या जावईबापूंनी फोनवर "बाबा, तुमच्या ऑटोमॅटिक घड्याळांसाठी वाइंडर घेऊ या का?" असं विचारलं, तेव्हा शेजारी बसलेल्या भाऊंनी "किती हॉर्सपॉवरचा?" अशी जी पृच्छा केली, ती मला तरी रास्त वाटली.

वाइंडर म्हणजे एक डबी. आत गुबगुबीत उशी, उशीला घड्याळ बांधायचं, आणि लहानशी मोटर ती उशी गोल फिरवत बसते. कारण ऑटोमॅटिक घड्याळाला सेल नसतो. त्याच्या पोटात अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि कमानीला चावी बसते. हात थांबला की साधारण 40 तासांत कमान उतरते. शुक्रवारी रात्री दहाला काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी आपल्याबरोबरच दुपारची झोप घेतं.

माझ्याकडे अशी दोन आहेत. एक एचएमटी कांचन, दुसरं सायको 5. पहिलं मला जावई म्हणून मिळालं, दुसरं जावयाकडून. हिशेब बरोबरीत सुटला. एचएमटीनं 1961 साली जपानच्या सिटिझनशी हात मिळवून बंगळूरला घड्याळं करायला घेतली. पुढे लग्नाच्या बोलणीत 'कांचन' हे नाव निघालं की मुलीचा बाप मनातल्या मनात संत्र्याचा भाव जुळवू लागे. एचएमटीचीच 'जनता' चावीची, तिच्यावर मास्तरासारख्या नवरदेवाचं खुशाल भागलं असतं. मी काहीच मागितलं नव्हतं, मागणी आमच्या वडिलांची होती. पण हा बारकावा आमच्या घरात अजून मान्य झालेला नाही. केंद्र सरकारनं 2016 मध्ये एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली, तो विषय मात्र आमच्याकडे चालूच आहे.

खरी पंचाईत वेगळी होती. निवृत्त झाल्यापासून ही घड्याळं माझ्या हातावर असतानाच बंद पडू लागली. घडीवाल्याकडे नेली. त्यानं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काकाजी, घडी टकाटक आहे. तुम्हीच हलून नाही राहिले." वर पैसेही घेतले नाहीत. घेतले असते तर निदान घड्याळात दोष होता असं घरी सांगता आलं असतं.

तेव्हा वाइंडर. मी अभ्यासाला बसलो. (याही कामात हात हलत नाही.) या डब्या काही हजारांपासून सुरू होतात आणि घेणाऱ्याची हौस संपेपर्यंत महाग होत जातात. साध्या डबीची मोटर कपाटात रात्रभर उंदरासारखी कुरकुरते, म्हणून जाणकार म्हणतात, मबुचीची जपानी मोटर असलेलीच घ्या. मग दिवसाला फेऱ्या किती? बहुतेक घड्याळांना साडेसहाशे ते आठशे पुरतात. आणि दिशा? काही यंत्रं एकाच बाजूनं फिरवल्यावर चावी घेतात. सायकोला दोन्ही बाजू चालतात. फेऱ्या जास्त झाल्या म्हणून कमान तुटत नाही. भरली की ती आतल्या आत घसरते, पुढचं घेत नाही. लग्नाच्या पंगतीत बसणाऱ्यांना ही सोय असती तर किती बरं झालं असतं.

बाजू आणि विरोध दोन्ही मांडून पाहिले. एक पक्ष म्हणतो, बंद घड्याळातलं तेल घट्ट होतं. दुसरा म्हणतो, ते जुन्या तेलांचं. आता चालत्या घड्याळाचे दातेच आधी झिजतात. ज्या घड्याळात चंद्राच्या कला आणि लीप वर्षसुद्धा असतं, ते पुन्हा लावणं खरोखर जिकिरीचं, तिथे डबी शोभते. माझ्या सायकोत फक्त वार आणि तारीख. तारखेचं चाक दर महिन्याला 31 पर्यंत जातं, त्यामुळे डबीत ठेवा नाहीतर देव्हाऱ्यात, वर्षातून पाच वेळा तारीख हातानंच ढकलावी लागते. तीही रात्री नऊ ते पहाटे तीन सोडून, कारण त्या वेळी तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात.

भाऊंचा आक्षेप मात्र बागायतदाराचा होता. "मास्तर, आंबिया बहाराच्या आधी आपण झाडाला ताण देतो का नाही? महिना-महिना पाणी तोडतो. पानं कोमेजतात, पाहवत नाही. मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलानं भरून येते. झाडाले बारा महिने पाणी पाजत राहिलं तर नुसता पाला येईल. घडीलेही ताण द्या जी!" कांचनला आता बहार यायची शक्यता कमी आहे, हे मी त्यांना बोललो नाही. पण थांबलेल्या वस्तूकडे पाहून घाबरू नये, एवढं तरी आमच्या भागातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. मी डबीचा विचार सोडला आणि तसं घरात जाहीर केलं.

"काय डोकं लावून राहिले जी त्याच्यात?" म्हणत सौ.नं सायको उचललं आणि स्वतःच्या हातावर चढवलं. पोळ्या, धुणं, अंगण, मग वावरात तोडणीच्या बायांमागे फिरणं. संध्याकाळपर्यंत घड्याळ असं भरलं की उशाशी काढून ठेवलं तरी तिसऱ्या दिवशी सकाळी चालूच. आता मला वेळ तिला विचारावी लागते आणि उत्तराबरोबर एखादं कामही मिळतं.

विषय इथे संपला असता. पण पुण्याच्या मुलीनं मला पावलं मोजणारा पट्टा पाठवला आहे. त्याचा आकडा तिला तिकडे फोनवर दिसतो, आणि रोज रात्री नऊला "बाबा, आज फक्त चारशे?" असा जाब विचारला जातो. काल मी जावईबापूंना फोन करून डबी मागवायला सांगितलं. दोन्ही दिशांनी फिरणारीच पाठवा म्हटलं. उलट्या फेऱ्यांनी पावलं वजा होतात की काय, एवढं तेवढं मुलीला कळू न देता विचारून ठेवायला सांगितलं आहे.