उंदराला मानवलं, माणसाला नाही

१९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस बीच्या १५ रुग्णांवर फियालुरिडीन या नव्या औषधाची चाचणी चालू होती. त्याआधी उंदीर, कुत्रे आणि माकडांना ते देऊन झालं होतं, त्यांची यकृतं ठणठणीत राहिली होती. इथे मात्र सात जणांचं यकृत निकामी होत गेलं. पाच दगावले, दोघे यकृतरोपणामुळे वाचले.

कारण पुढे कळलं. औषधाला मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या, आत नेणारं एक प्रथिन माणसाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावर असतं, उंदराच्या पेशीत तिथे नसतं. म्हणजे चाचणी मन लावून केली असती, दुप्पट उंदीर मारले असते, तरी उत्तर तेच आलं असतं. प्रश्नच चुकीच्या प्राण्याला विचारला होता.

म्हणून प्राण्यांवरच्या औषधचाचण्यांचा विषय निव्वळ भूतदयेच्या खात्यात टाकणं मला मान्य नाही. हा रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे.

तो प्रश्न आता माणसाच्याच पेशींना विचारता येतो. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये प्रौढ माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकांच्या जोरावर पुन्हा मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, अवस्थेत नेल्या. भ्रूणाला हात लावावा लागला नाही. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या मूळपेशींपासून हृदयाच्या, यकृताच्या, मेंदूच्या पेशी घडवता येतात आणि औषध आधी त्यांना पाजता येतं. आपल्याकडे स्टेम सेल म्हटलं की गुडघेदुखीपासून ऑटिझमपर्यंत सगळं बरं करण्याचे दावे कानावर पडतात. हे दावे विकणाऱ्यांना चाप लावलाच पाहिजे. त्यांच्या गोंगाटात याच पेशींचा हा खराखुरा उपयोग झाकला जातो.

हृदयाचंच घ्या. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, त्याची विद्युतरचनाच वेगळी. आपल्या हृदयाची लय बिघडवणारं औषध त्याला सहज पचू शकतं. उलट बशीत वाढवलेल्या मानवी हृदयपेशी स्वतःहून आकुंचन पावतात आणि लय चुकली तर ते मोजता येतं. त्याही पुढची गोष्ट स्टॅनफर्डच्या जोसेफ वू यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवली. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध काहींचं हृदय दुबळं करतं, काहींचं करत नाही. ज्यांना त्रास झाला होता त्यांच्याच पेशींपासून बनवलेल्या हृदयपेशी बशीतही त्या औषधाने जास्त खचल्या. बशीतल्या पेशींनी त्या त्या रुग्णाची कहाणी सांगितली. असं कुठला उंदीर सांगणार?

या पेशींचा देव्हारा माजवू नये. त्या अपरिपक्व असतात, गर्भातल्या बाळाच्या पेशींच्या जवळच्या. बशीला मूत्रपिंड नाही, रक्ताभिसरण नाही. त्यामुळे प्राणीचाचण्या उद्याच बंद करा, हे मी म्हणणार नाही. पण जिथे मानवी पेशी अधिक खरं बोलतात तिथे त्यांची साक्ष आधी काढा.

कायद्याचा अडसर दूर झाला आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये १९३८ पासूनची प्राणीचाचणीची अट काढली. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींवरच्या पद्धतींना दार उघडलं. दार उघडलं म्हणजे आत कुणी आलं असं नाही. कोणत्या दाव्यासाठी कोणती पेशीचाचणी ग्राह्य धरणार, हे औषध नियंत्रकांनी कंपन्यांना नेमकं लिहून द्यावं.

आणि पेशी कुणाच्या, हेही बघावं. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. क्षयावरचं आयसोनियाझिड हे औषध ज्यांच्या शरीरात सावकाश मोडतं, त्यांच्या यकृताला धोका अधिक, आणि अशा माणसांचं प्रमाण आपल्याकडे मोठं आहे. परदेशी माणसांच्या पेशींवर ही परीक्षा पुरी होणार नाही. इथल्या वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांच्या पेशींची मोठी सार्वजनिक पेढी सरकारी पैशातून उभी राहायला हवी.

तुमच्याकडे कधी अशा पेढीसाठी रक्ताचा नमुना मागितला, तर संमतीपत्र नीट वाचा, नमुना कुठे जाणार ते विचारा, आणि समाधान झालं तर द्या.