पोरगं लाजत नाही, घाबरलंय

ऊस कारखान्याला गेला की कोडोलीत लग्नसराई लागते. सोप्यात पाहुणे बसतात, मोबाईलवर मुलीचा फोटो फिरतो आणि पोरगं खाली मान घालून बशीतल्या चहाकडे बघत बसतं. "लाजतंय," म्हणत मामा सुपारीची तारीखही काढून टाकतो. लाजत नाही ते, घाबरलंय. आपल्याला पुरुष आवडतात, हे घरात कुठल्या तोंडानं सांगायचं?

हे कसं सांगायचं नि कसं ऐकायचं, ते मराठीत लिहून ठेवलं बिंदुमाधव खिरे यांनी. अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरी केलेला हा माणूस पुण्यात परतला आणि 2002 मध्ये त्यानं 'समपथिक ट्रस्ट' काढला. हेल्पलाईन चालवली. 2005 मध्ये 'पार्टनर' कादंबरी लिहिली, मग 'इंद्रधनू'. 'मनाचिये गुंती'त तर समलिंगी मुलांच्या आईबापांनाच बोलतं केलं. काम सुरू झालं तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम 377 खाली समलिंगी संबंध गुन्हा होते. दोन सज्ञान माणसांच्या संमतीचा संबंध गुन्हा नाही, हे सुप्रीम कोर्टानं सांगितलं 6 सप्टेंबर 2018 ला. निकालाचे पेढे वाटताना खिऱ्यांची आठवण किती जणांना झाली?

अशा विषयावर सरळ बोलणाऱ्याची कदर न करणं, ही आपली जुनी खोड. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर खटला भरला. त्या शंकांत समलिंगी संबंधांचीही होती. वकीलपत्र घेतलं बाबासाहेब आंबेडकरांनी. तरी कर्व्यांना 200 रुपये दंड झालाच. कर्व्यांना दंड, खिऱ्यांकडे दुर्लक्ष.

किंमत मात्र गावातली पोरं मोजतात. "लग्न झालं की येईल वळणावर," म्हणून बोहल्यावर चढवता, तेव्हा पोरगं फसतंच, शिवाय परक्याची लेकही फसते. तिचा काय गुन्हा? कुणी डॉक्टर 'बरं करतो' म्हणाला तर उठून या. असले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 मध्येच बजावलंय. हा आजारच नाही, तर औषध कसलं?

गावच्या वाचनालयानं खिऱ्यांची पुस्तकं मागवावीत आणि कपाटात कुलपाआड न ठेवता समोरच्या फळीवर मांडावीत. आणि मामा, पुढचं स्थळ आणण्याआधी भाच्याला एकट्याला गाठा, "तुला काय हवंय?" म्हणून विचारा. तो जे सांगेल ते चारचौघांत फोडू नका, आणि "नको" म्हणाला तर सुपारी फोडू नका.