पाचशेची नळी, दहा मीटरवर सिंह

सिल्वासाजवळ वासोण्याला सिंह पाहायला जाताना ५०० मिलिमीटरची लेन्स नेणे म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारायला कर्णा भाड्याने आणणे. तरीही माणसे ती नेतात. शनिवार-रविवार आला की वापी स्टेशनावर नाहीतर भिलाड-नरोलीच्या रस्त्यावर हा लवाजमा दिसू लागतो. किलवणी नाक्यावरचा रिक्षावाला पाठीवरची फुगीर पिशवी पाहूनच भाड्याचा आकडा चढवतो. (त्याला लेन्समधले काही कळत असेल असे नाही, लेन्स बाळगणारे गिऱ्हाईक मात्र बरोबर कळते.) वापीहून इकडे वळणाऱ्यांत आणखी एक जमात असते. गुजरातेत दारूबंदी आणि सिल्वासात नाही, त्यामुळे त्यांची सफारी पहिल्याच पाणवठ्यावर संपते आणि त्यांना फोटो नकोच असतात. त्यांना इथे वगळू. प्रश्न आहे तो सफारी ठरल्याबरोबर ‘आता कॅमेरा घ्यायलाच हवा, पण जुना घेऊ’ असे घरात जाहीर करणाऱ्या गृहस्थाचा. जुना घ्यायचा हा निर्णय शहाणपणाचा आहे. फसगत पुढे होते, कारण वाचलेले पैसे तो लांब नळीत घालतो. माझे म्हणणे असे की वासोण्याला जुनी साधी बॉडी आणि ५५-२५० ची जुनी लेन्स पुरते, एवढेच काय, तीच कामाला येते. त्याहून लांब नळी बसमधल्या सहप्रवाशांसाठी घेतलेली असते, सिंहाचा तिच्याशी संबंध नाही.

पुरावा समरूप त्रिकोणांचा आहे आणि शाळेच्या वहीत मावण्याजोगा आहे. जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हौशी डीएसएलआरचा सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद आणि १५.६ मिलिमीटर उंच असतो. त्यावर ५०० ची लेन्स लावून ती १० मीटरवर रोखली की चौकटीत मावतो ४७ सेंटिमीटर रुंद आणि ३१ सेंटिमीटर उंच तुकडा. आयाळीसकट सिंहाचे डोके त्यात कोंबूनच बसवावे लागेल. आता वासोण्याची सफारी कशी आहे ते पाहा. वीसेक हेक्टरांचे कुंपण घातलेले रान, त्यात गीरहून आणलेले सिंह, आणि माणसांसाठी जाळी लावलेली बस. म्हणजे इथे पिंजऱ्यात आपण असतो आणि ड्रायव्हर आपल्याला सिंहाजवळ नेऊन दाखवतो. दहाचे पाच मीटर व्हायला वेळ लागत नाही. पाच मीटरवर तीच लेन्स २३ बाय १५ सेंटिमीटर दाखवते, म्हणजे लहान वहीचे एक पान. त्या पानावर एक डोळा, अर्धे नाक आणि नाकावरची माशी येते. माशी उत्तम येते. तिच्या पंखांवरच्या शिरासुद्धा मोजता येतील. पण घरी आल्यावर ‘हे काय?’ म्हणणाऱ्या आजीला ‘सिंह’ असे तोंडी सांगावे लागते, आणि ज्या फोटोला तोंडी पुरवणी लागते त्यासाठी स्कूटरच्या किमतीची लेन्स कशाला? पुरा सिंह, भोवतीचे थोडे गवत आणि शेपटीचा गोंडा यांसाठी अडीच मीटरांची चौकट धरा. दहा मीटरवरून त्याला ९४ मिलिमीटर लागतात. पाच मीटरवरून ४७, म्हणजे ५५ ला थोडे गवत सोडावे लागेल एवढेच.

जाळीच्या बाबतीत लांब नळीची बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा वाद एकतर्फी होईल. जाळीतून फोटो काढायची रीत अशी की लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, छिद्र पूर्ण उघडायचे आणि लांबच्या वस्तूवर फोकस करायचा; मग जाळीच्या तारा इतक्या पसरट होतात की दिसतच नाहीत. छिद्र जितके मोठे तितकी जाळी चांगली विरघळते, आणि या कामात लांब नळी खरोखर सरस आहे. पण तिचे तोंड ९५ मिलिमीटरचे, आमटीच्या वाटीएवढे, आणि वजन दोन-सव्वादोन किलो. इंजिन चालू असलेल्या बसमध्ये अशी वाटी जाळीला टेकवली की सगळी बस तिच्यातून थरथरते. ५५-२५० चे तोंड ५८ मिलिमीटरचे आणि वजन अर्ध्या किलोच्या आतले. ती एका हाताने टेकवता येते आणि दुसऱ्या हाताने शेजारच्याचे पोर आवरता येते. राहिला वेग. सेकंदाला दहा फोटो काढणारी निकॉन डी-५०० किंवा कॅननची सेव्हन-डी मार्क टू हवी असे जाणकार सांगतात, आणि उडत्या गरुडासाठी ते खरेही आहे. सिंह मात्र दिवसाचे सोळा ते वीस तास लोळण्यात घालवतो. झोपलेल्या सिंहाचे सेकंदाला दहा फोटो काढले की झोपलेल्या सिंहाचे दहा फोटो मिळतात.

जुन्या बाजारात आता माल भरपूर आहे. २०१८ साली कॅनन आणि निकॉन दोघांनीही मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे बाजारात आणले. त्यानंतर व्यावसायिक फोटोग्राफर हळूहळू तिकडे वळले आणि आरशाचे कॅमेरे कपाटांतून बाहेर पडले. त्यात गिऱ्हाइकाला भीती असते लग्नवाल्याची. एका लग्नात दोन हजार फोटो धरले तर पन्नास लग्नांत लाख होतात, आणि साध्या बॉडीचे शटर सुमारे लाखभर उघडझापांच्या हिशेबाने चाचणी करून दिलेले असते. वरच्या दर्जाच्या बॉडीचे दीड ते दोन लाखांच्या. म्हणून शहाणा माणूस शटर काउंट विचारतो. निकॉन हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवते; कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो, आणि विकणारा तो सहसा अंदाजाने सांगतो. इथवर ठीक. पण त्यामुळे माणूस लग्नवाल्याला टाळून ‘कधी वापरलाच नाही हो, कपाटात पडून आहे’ म्हणणाऱ्या काकांकडे जातो. वसई-पालघरपासून डहाणू, वापी, सिल्वासापर्यंतच्या दमट पट्ट्यात यापेक्षा धोक्याचे वाक्य नाही. पावसाळ्यात इथे हवेतला ओलावा आठवडेच्या आठवडे हटत नाही. साठ-पासष्ट टक्क्यांवर ओलावा, अंधार आणि स्थिर हवा मिळाली की लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. काकांनी जिवापाड जपून कातडी पिशवीत ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीसाठी फर्निचरसकट भाड्याने मिळालेली खोली. कातडे ओल धरून ठेवते. लग्नवाल्याचा कॅमेरा दर आठवड्याला मांडवाच्या हॅलोजनखाली तापतो, बिचाऱ्या बुरशीला संसार थाटायला उसंत मिळत नाही. शटर झिजले तर पैसे मोजून नवे बसते. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला तर साफ केल्यावरही डाग राहतो. म्हणून आपल्या हवेत लाखाच्या आतबाहेर चाललेली लग्नाची बॉडी आणि तिच्याबरोबरची रोज वापरातली लेन्स, कपाटातल्या कोऱ्या जोडीपेक्षा भरवशाची समजावी.

तपासणी अवघड नसते, लाज वाटते एवढेच. लेन्स बॉडीवरून काढायची, मागून टॉर्च धरायचा आणि पुढून थोडे तिरके पाहायचे. धुळीचे कण चालतात. ते प्रत्येक लेन्समध्ये असतात आणि फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले तर आभार मानून उठायचे. मग छिद्र एफ-१६ वर आणून कोऱ्या आभाळाचा एक फोटो, म्हणजे सेन्सरवरचे ठिपके कळतात. मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारात हे सगळे दुकानाच्या काउंटरवर खुशाल करता येते, कारण तिथले लोक टॉर्चला रागावत नाहीत. ओळखीच्या काकांकडे करवत नाही. त्यांनी चहा दिलेला असतो, आणि चहा पिऊन यजमानाच्या लेन्समध्ये टॉर्च मारणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. आणखी एक खोच निकॉनची आहे. तिच्या तीन हजारी आणि पाच हजारी मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हाताने फिरवाव्या लागतात. उलट नव्या एएफ-पी लेन्स कित्येक जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. बॉडी मामेभावाकडून आणि लेन्स ऑफिसातल्या मित्राकडून स्वस्तात जमवणाऱ्याने दोघांची पत्रिका आधी पाहावी.

आणि बिल घ्यावे, त्यावर बॉडीचा आणि लेन्सचा क्रमांक लिहून घ्यावा, काय विकले तेही स्पष्ट लिहून घ्यावे. हा सल्ला या प्रदेशात तरी कोणी हसण्यावारी नेऊ नये, कारण अख्खी नगर हवेलीच एका अस्पष्ट बिलावर हस्तांतरित झाली होती. १७७९ च्या तहात पुणे दरबाराने पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावे देऊ केली. पोर्तुगीज समजले, गावे आपली झाली. मराठी कागदांत मात्र तो सरंजाम होता, म्हणजे वसूल खा, मालकी आमची. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली आणि घोळ तसाच राहिला. १९५४ च्या जुलैच्या उत्तरार्धात दादरा आणि नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. मुक्तिसैनिकांत संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि त्यांच्याजवळची सामग्री आजच्या एका सफारीकराच्या पिशवीपेक्षा हलकीच असावी. पोर्तुगाल १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायाधीशांना त्या जुन्या तहाचे पाठ उलगडून सांगावे लागले की त्यातल्या शब्दांनी सार्वभौमत्व दिलेले नव्हते, वसुलाचा हक्क दिला होता. बॅटरी आणि चार्जर धरून की सोडून, एवढे तरी बिलावर असू द्यावे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: ‘उद्या ताडोब्याला जायचे झाले तर?’ ताडोब्यात लांब नळीला काम आहे हे मान्य. तिथे वाघ बांबूच्या आत ६०-७० मीटरवर बसतो आणि जिप्सीला जाळी नसते. पण ताडोबा तुमच्या घरात गेली सात वर्षे ‘उद्या’ आहे आणि वासोणा या शनिवारी. शिवाय लांब लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. उद्याच्या वाघासाठी आज विकत घेतलेली लेन्स मधल्या पावसाळ्यांत कपाटातच राहणार, आणि कपाटात काय होते ते वर आले आहे. दुसरा आक्षेप जास्त जोरदार आहे: मग मोबाइल काय वाईट? याला मी वासोण्यापुरते अर्धे उत्तर देतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे तोंड इतके लहान की तो जाळीच्या भोकाला थेट लावता येतो, जे ९५ मिलिमीटरच्या वाटीला सात जन्मांत जमायचे नाही. पाच मीटरवरचा, उन्हात पसरलेला सिंह मोबाइलवर झकास येतो, आणि लांब नळीवाला घामाघूम होत असताना मागच्या बाकावरच्या शाळकरी मुलीला सगळ्यांत चांगला फोटो मिळण्याची शक्यता बरीच आहे. उरलेले अर्धे उत्तर खानवेलच्या बाजूला असलेल्या सातमालियाच्या हरीण-उद्यानात मिळते. तिथे चितळ, सांबर, नीलगाय सागाच्या सावलीत ३० मीटरवर उभी असतात आणि जाळी नसते. मोबाइल तिथे हिरव्या रंगावर तपकिरी रंगाचा चिखल काढतो. २५० मिलिमीटरची लेन्स ३० मीटरवर पावणेतीन-तीन मीटरांची चौकट देते. चितळ शिंगांसकट मावते, कान टवकारलेले दिसतात, पाठीवरचे ठिपके वेगवेगळे राहतात. एकाच दिवसात ५५ ने सिंह आणि २५० ने चितळ, मध्ये लेन्स बदलायची भानगड नाही.

तिसरा आक्षेप हिशेबी माणसाचा: लांब नळी घेऊ, वापरू, विकून टाकू, पैसे परत. पैसे बरेचसे परत येतात हे खरे आहे, फक्त विकायला लगेच बाहेर काढली तर. तसे होत नाही. सफारीहून आल्यावर नळी ‘ताडोब्यासाठी’ ठेवली जाते, तिच्या डब्यात सिलिका जेलची एक पुडी टाकली जाते, पुडी पहिल्या जुलैतच निळ्याची गुलाबी होते आणि ती तव्यावर भाजून पुन्हा वापरायची असते हे कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन पावसाळे जातात. मग एका दिवाळीत घर आवरताना ती सापडते आणि जाहिरात लिहिली जाते: ‘लेन्स विकणे आहे. नव्यासारखी. फक्त एका सफारीला वापरली, बाकी कपाटातच.’ सिल्वासाची सफारी ठरलेला दुसरा एक गृहस्थ ती वाचतो, त्याच संध्याकाळी पत्ता शोधत येतो, समोर चहा ठेवला जातो, आणि टॉर्च त्याच्या खिशातच राहतो.