उशिराचे कानसेन

हे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. बँकेतली चाकरी झाली, फ्लॅटचे हप्ते फिटले, मुलगी बंगळुरूला स्थायिक झाली, डाव्या कानात यंत्र बसलं आणि नेमका त्याच सुमारास त्यांना गाण्याचा कान आला.

तसे ते अस्सल पुणेकर. १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव त्यांच्या ऐन तारुण्यात रात्र-रात्र रंगायचा. पहाटे खुद्द भीमसेन जोशी गायला बसायचे. हे तिथे जात नव्हते असं नाही. दरवर्षी जायचे, पण बटाटेवडा आणि कॉफीच्या स्टॉलपर्यंत. आत मांडवात सूर लागलेला असताना बाहेर यांची प्रमोशनच्या परीक्षेवर चर्चा लागलेली असायची. १९९२ च्या जानेवारीत कुमार गंधर्व गेले, सप्टेंबरात मल्लिकार्जुन मन्सूर गेले. दोन्ही बातम्या यांनी वाचल्या आणि पान उलटून शेअरचे भाव पाहिले. ते साल यांच्या लेखी हर्षद मेहताचं होतं.

मग निवृत्तीनंतर एका रात्री झोप येईना, म्हणून मोबाइल चाळताना यूट्यूबवर मन्सूर भेटले आणि गृहस्थ कामातून गेले.

आता लिफ्टमध्ये ते सापडले की आपली सुटका नाही. तळमजल्याला अल्लादियाखाँ सुरू होतात, दुसऱ्या मजल्यावर त्यांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भूर्जीखाँ, तिसऱ्यावर या दोघांचे शिष्य मन्सूर. मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांच्या कन्या किशोरीताई ऐकायच्या असतील तर आपला चौथा मजला सोडून त्यांच्याबरोबर सातव्यापर्यंत जावं लागतं. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, हे ते दूधवाल्यालाही सांगतात. ते यान २०१२ साली ताऱ्यांमधल्या पोकळीत पोहोचलं. केसरबाईंना यांच्या तिसऱ्या गल्लीतल्या फ्लॅटपर्यंत यायला त्याहून जास्त वेळ लागला.

ऐकायला बसले की मात्र बघत राहावं. डोळे मिटलेले, उजवा हात मांडीवर. सोळा मात्रांचा तीनताल चाललेला असतो, पण यांची सम पंधराव्या मात्रेलाच येते. मांडीवर जोरात थाप पडते, 'क्या बात है!' निघून जातं आणि मग गवई बिचारा मागाहून समेवर येतो. रागाचं नाव दिसेना म्हणून ते चष्मा वर-खाली करत स्क्रीन खरवडत असतात, तेवढ्यात पोळ्या लाटता लाटता आतून आवाज येतो, "अहो, नटबिहाग आहे तो. रेडिओवर लागायचा की!" काकूंनी चाळीस वर्षं स्वयंपाकघरात रेडिओ ऐकला, कुणाला न सांगता. घरातली खरी कानसेन कोण, हे काकांना अजून कळलेलं नाही. कळेल, त्यांच्या वेगाने.

त्यांना हसावं, पण त्यांचं प्रेम खोटं म्हणू नये. एखादी अनवट जागा आली की त्यांचे डोळे खरोखर भरून येतात. तरुणपणी कुणी कौतुकासाठी गाणं ऐकतो, कुणी कुणाच्या तरी शेजारी बसायला मिळतं म्हणून. यांना आता कुणावर छाप पाडायची नाही, की पहाटे उठून ऑफिस गाठायचं नाही. एवढा मोकळा श्रोता मन्सूरांना त्या काळीही रोज मिळत नसेल.

खोड एकच, आणि ती जुनीच. परवा पलीकडच्या सभागृहात एका तरुण गायिकेची मैफल होती. तिकीट नाही, घरापासून पाच मिनिटं. काका म्हणाले, "छे हो, आता कुठे राहिलंय तसं गाणं?" आणि हेडफोन लावून आत गेले. म्हणजे तेव्हा जिवंत माणसं गात होती म्हणून ऐकली नाहीत, आणि आता जी गाताहेत ती अजून जिवंत आहेत म्हणून ऐकायची नाहीत! या हिशेबाने तिची पाळी यायला काकांना शंभरी गाठावी लागेल.

तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या काकांना पुढच्या मैफलीला हाताला धरून न्या. काकूंनाही न्या, त्या आधीच पदर खोचून तयार असतील. फक्त काकांना तबलजीच्या समोर बसवू नका.