पिकअप नावाचे दुखणे

जुन्या टर्बो डिझेल गाडीचे पिकअप एका दिवसात जात नाही. ते थोडे थोडे, रजेचा अर्ज न देता निघून जाते. त्यामुळे मालकाला त्याची खबर सर्वांत शेवटी लागते. पाय आपोआप जरा जास्त दाबायची सवय लावून घेतो आणि मालक सांगत फिरतो, "गाडी एकदम मख्खन आहे." पहिले निदान बहुधा मागच्या सीटवर होते. खंबाटकीच्या चढावर उसाचा ट्रक ओलांडायला गाडी बाहेर काढावी, ॲक्सिलरेटर तळाला टेकवावा, आणि गाडीने त्यावर विचार करायला वेळ घ्यावा. अशा वेळी मेव्हणा शांतपणे म्हणतो, "दाजी, एसी बंद करू का?" या प्रश्नानंतर दुखणे अधिकृत झाले असे समजावे.

आधी स्वभाव आणि आजार वेगळे करावे लागतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर टर्बोचे चाक फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि जास्त हवेत जास्त डिझेल जळून जास्त ताकद मिळते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हापासून एक अडचण कायम आहे: पुरेसा धूर आल्याशिवाय टर्बो फिरत नाही आणि टर्बो फिरल्याशिवाय पुरेसा धूर येत नाही. रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला आणि रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड, असाच हा मामला. फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेट इंजिनाने तो भारतात घरोघर पोचवला. २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आले आणि पुढे मारुती, टाटा व फियाटच्या इतक्या गाड्यांत बसले की वाहनपत्रकार त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. पुण्याजवळ रांजणगावातही ते तयार होत असे. बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या उंबरठ्यावर, २०२० मध्ये, त्याचा काळ संपला. रस्त्यावरच्या गाड्यांना मात्र ही बातमी अजून कळलेली नाही. मिनिटाला २००० फेऱ्यांच्या खाली हे इंजिन झोपाळू असते, आणि ते जन्मजात आहे. त्यावर गॅरेजमध्ये औषध नाही, गिअर उतरवणे एवढेच पथ्य. २००० च्या वरही गाडी ओढत नसेल, अडखळत असेल, झटके देत असेल, तरच पुढचे वाचावे.

पहिली चौकशी इंजिनाबाहेरची. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर फेऱ्यांचा काटा वर जातो आणि वेगाचा काटा जागचा हलत नाही, अशी स्थिती असेल तर टर्बोचा काही संबंध नाही. क्लच प्लेट संपली आहे. हाफ क्लचवर गाडी तोलून सिग्नलला उभे राहणाऱ्यांना हा प्रसाद लवकर मिळतो. गाडी थांबवल्यावर एकच चाक तापलेले लागले, तर त्याचा ब्रेक चिकटला आहे.

मग धूर पाहावा. तो स्वतः पाहता येत नाही. मागच्या गाडीतला माणूस पाहतो आणि ओव्हरटेक करताना त्याबद्दल बोलतोही. भरपूर काळा धूर आणि ताकद नाही, म्हणजे डिझेल येते आहे, हवा कमी पडते आहे. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल अडले असावे किंवा गाडीच्या संगणकाने घाबरून स्वतःच ताकद कापली असावी. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, हा प्रश्न इथे विचारायचा असतो. "मागच्या सर्व्हिसिंगला बदलला असेल ना," हे त्याचे प्रमाणित उत्तर आहे. त्याचा अर्थ बदललेला नाही.

हवा कमी पडते आहे असे दिसले, की जगातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आरोपी समोर येतो: टर्बोपासून इंजिनापर्यंत दाबाची हवा नेणारा रबरी होज पाइप. वरून तो धडधाकट दिसतो. चीर असते ती खालच्या बाजूला, जिथे मिस्त्रीची मान पोचत नाही. इंजिनाच्या श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ वर्षानुवर्षे आतून रबर मऊ करते आणि क्लिपच्या कडेला ते फाटते. गाडी उभी असताना चीर मिटलेली राहते. लोड आला, दाब चढला, की ती तोंड उघडते आणि टर्बोने खपून गोळा केलेली हवा बॉनेटखाली उधळून टाकते. पाइप गार झाल्यावर दोन्ही हातांनी पिळून पाहावा. चीर असली तर फटीतून आतली काळी, तेलकट कड दिसते. जोडाभोवती ओलसर तेलाचा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तरी तपास अर्धा झाला. चढावर खिडक्या खाली केल्यावर 'फुस्स' असा आवाज आला, तर उरलेला अर्धाही झाला. याच कुळातली व्हॅक्यूमची बारीक नळी उंदीर कुरतडतात. स्वतः गणपतीचे वाहन असूनही या प्राण्याला इतरांच्या वाहनांविषयी मुळीच आपुलकी नसते.

एवढे पाहूनही आरोपी सापडला नाही, तर स्कॅनर लावावा. स्कॅनरविषयी लोकांची श्रद्धा फार मोठी आहे. पी०२९९ हा कोड आला की 'टर्बो गेला' असा निकाल तिथल्या तिथे लागतो. त्या कोडचा अर्थ एवढाच, की दाब मागितला तेवढा मिळाला नाही. पाणी आले नाही म्हणून धरण फुटले असे कोणी म्हणत नाही. कोडपेक्षा चालू आकडे पाहावेत, आणि सर्वांत उपयोगी आकडा इंजिन सुरू करण्यापूर्वीच मिळतो. नुसती चावी फिरवल्यावर दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत सुमारे १०१० मिलिबार, पुण्यात ९५० च्या आसपास, महाबळेश्वरला ८७० च्या जवळपास. पुण्यात उभी असलेली बंद गाडी ११५० दाखवत असेल, तर सेन्सरवर काजळी बसली आहे आणि तो खोटी साक्ष देतो आहे. त्यानंतर चढावर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी पाहावे. गाडी चालवणाऱ्याने रस्ता पाहावा, आकडे शेजारच्याने.

हवेचे मोजमाप करणारा सेन्सर धुळीने आंधळा होतो. 'स्पोर्ट' म्हणून बसवलेला तेलकट एअर फिल्टर ते काम लवकर उरकतो. सेन्सरची तार फडक्याने पुसू नये. त्यासाठीचा स्प्रे मिळतो. थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह हा हिंजवडीच्या वाहनांच्या रांगेत वाढलेला रोगी. कमी फेऱ्यांवर तासन्‌तास सरपटत गेल्यावर त्यात कार्बन साचतो, तो उघडाच अडकतो, आणि इंजिन ताज्या हवेऐवजी स्वतःचाच धूर पुन्हा ओढत बसते. पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोत हीच काजळी पाती जखडते. तिथे हातपंपाने ॲक्चुएटरला व्हॅक्यूम देऊन पाहावा: दांडी सरळ सरकली आणि व्हॅक्यूम टिकला तर ठीक, अडखळली तर पाती साफ करावी लागतील, सुई लगेच खाली आली तर ॲक्चुएटरचा पडदा फाटला आहे.

टर्बो स्वतः सर्वांत शेवटी. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेऱ्या मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, म्हणून बोटाने आडवा किंचित हलणे हा दोष नाही. पुढे-मागे सरकणे, पात्यांच्या कडा घरावर घासलेल्या दिसणे, निळा धूर आणि सायरनसारखी शीळ, ही मृत्यूची लक्षणे. हवेच्या पाइपात तेलाचा हलका ओलावा मात्र जुन्या गाडीत असतोच; तो दाखवून कोणी टर्बो विकू लागला तर चहा पिऊन निघून यावे. टर्बो खरोखर मेला असेल तर कशाने मेला ते आधी शोधावे. बहुधा तेलाची नळी तुंबलेली असते किंवा ऑइल वेळेवर बदललेले नसते. ते तसेच ठेवले तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो, फक्त बिल दुसऱ्या तारखेचे असते.

दुरुस्तीनंतर कोड पुसून ट्रायल त्याच चढावर, तेवढीच माणसे बसवून घ्यावी. रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर मारलेली ट्रायल नेहमीच यशस्वी होते. आणि कोणी टर्बो बदलायला सांगितला, तर होकार देण्यापूर्वी तो होज पाइप काढून हातात मागावा.