रिठदला माझी सबुरी पंक्चर झाली

आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी रिसोडकडच्या एका खेड्यात घरगुती प्रार्थनासभा होती आणि संदेश द्यायला मला बोलावलं होतं. नाताळाआधीचे चारही रविवार वाट पाहण्याचेच, म्हणून 'वाट पाहण्यातला आशीर्वाद' हा विषय मीच सुचवला. नऊ मुद्दे काढले. आत्म्याची फळंही नऊच आणि त्यांत सहनशीलता चौथी, हा योगायोग पाहून माझ्यावर मीच खूश होतो.

सभा अकराला होती. वाशिमहून मोटरसायकलवर वेळेत निघालो आणि रिठद गाव आलं तसं मागचं चाक जमिनीला टेकलं.

ढकलत ढकलत पंक्चरच्या दुकानाशी आलो. टायर टांगलेला, हवेचा पंप उभा, फक्त माणूस नाही. शेजारच्या बाकड्यावर एक आजोबा तंबाखू मळत बसले होते.

"दुकानवाला कुठे गेला, आजोबा?"

"वावरात गेला जी. तुरीवर फवारा माराले."

"कधी येईल?"

"फवारा झाला का येते."

या उत्तरात चूक काही नव्हती, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाटीवर नंबर होता. तो फिरवला तर दुकानातल्या गल्ल्यातच घंटी वाजली. यावर शहाण्या माणसानं फोन खिशात ठेवला असता. मी आणखी पाच वेळा लावला. दरवेळी गल्ला वाजला आणि दरवेळी मी त्या गल्ल्यावरच जास्त चिडलो. सहाव्यांदा आजोबा म्हणाले, "नाई उचलत ना तो?"

मग घरून बायकोचा फोन आला. "पोचलात?"

"रिठदला अडकलोय. या लोकांना वेळेची काही किंमतच नाही!"

"आज तुमचा विषय काय हो?"

मी गप्प. पण ती कुठली सोडते? माझ्या टिपणांत टिळकांवर एक मुद्दा होता आणि रात्री तो तिनं वाचला होता. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेईपर्यंत १९०० साल उजाडलं. टिळकांनी केवढा धीर धरला, असं मी लिहिलं होतं. "धीर त्यांनी धरला?" ती म्हणाली, "नवरा एक दिवस धर्म बदलून मोकळा झाला. लेकरू घेऊन नातेवाइकांच्या दारात राहिली ती बाई. हे तुम्ही पुरुष लिहिता, म्हणून असं होतं." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात मोबाइलची बॅटरी संपली. परमेश्वर कधीकधी असाही वाचवतो.

आता करायला काहीच उरलं नाही. आजोबांनी समोरच्या शेताकडे बोट केलं. "सोयाबीन अन् तूर एकाच दिवशी पेरली. सोयाबीन दिवाळीच्या आधीच घरात आलं, इकलं बी. तूर पाहा, अजून शेंगाच भरून राह्यली."

खरंच. एकाच पावसात, एकाच तिफणीतून पडलेलं बी. एकाचा हिशेब शंभरेक दिवसांत मिटला, दुसरं संक्रांतीपर्यंत थंडी खात उभं. माझ्यातला वक्ता उसळला. "म्हणजे सबुरी तुरीपासून शिकावी!" म्हणत मी पेन काढलं. दहावा मुद्दा!

"शिका ना जी," आजोबा तंबाखू झाडत म्हणाले. "पन तूर बोलत नाई."

पेन परत खिशात गेलं. वेळ घालवायला लूकचं शुभवर्तमान उघडलं आणि पहिल्याच अध्यायात जखऱ्या भेटला. हा तर याजक, माझ्याच धंद्यातला. देवदूत सांगतो, म्हातारपणी मुलगा होईल. आणि हा मंदिरात उभा राहून खात्री मागतो. झालं, योहान जन्मून त्याचं नाव ठेवायची वेळ येईस्तोवर याची वाचा बंद. आजवर ही मला शिक्षा वाटायची. त्या बाकड्यावर पहिल्यांदाच शंका आली, की त्याच्या बायकोला, अलीशिबेला, तेवढे महिने घरात निवांत मिळावेत अशीही योजना असेल. (हे घरी सांगितलेलं नाही.) वाट पाहण्याच्या काळात देवानं पहिलं काय केलं, तर उपदेशकाचं तोंड मिटलं. आणि मी त्याच काळावर नऊ मुद्दे बडबडायला निघालो होतो.

दुकानवाला बाराच्या सुमारास आला. "थांबा लागलं का भाऊ?" म्हणाला, हात धुतले, दहा मिनिटांत खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी रागवायचं ठरवून ठेवलं होतं, पण दोन तासांत राग शिळा झाला होता.

सभेच्या घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. लोक बसूनच होते. येतील ती सगळी गीतं गाऊन झालेली, काही तर दोनदा. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी घसा खाकरून टिपणं काढली. तेवढ्यात घरच्या मावशींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. "संदेश राहू द्या आता, लेकरं भुकेजली. प्रार्थना करा अन् जेवा."

प्रार्थना मी जन्मात केली नव्हती इतकी आखूड केली. ताटात भाकर, वांग्याची भाजी आणि वरण होतं. वरण तुरीचं. मी मुकाट्यानं जेवलो.