आधी झाकण तर उघडा

न्यू जर्सीत जानेवारीच्या थंडीत आमच्या गराजचं दार उघडेनासं झालं. रिमोट दाबला की छताखालचा ओपनर घुमायचा, त्याचा दिवा लागायचा, साखळी मात्र तसूभर हलायची नाही. दुरुस्तीवाला आला. त्याने खालूनच मान वर करून पाहिलं आणि सांगितलं, "जुना झालाय, नवाच बसवा." शिडी त्याच्या गाडीतून उतरलीसुद्धा नाही. नव्याचे ६०० डॉलर, आणि नुसत्या त्या नजरेचे ८५.

मला पैशांचा राग आलाच. पण न पाहता निकाल दिल्याचा त्याहून जास्त आला.

तो गेल्यावर मी प्लग काढला, शिडीवर चढले आणि झाकण उघडलं. आत पांढऱ्या प्लास्टिकचा चुरा पडला होता. मोटर ज्याच्या जोरावर साखळी ओढते, त्या नायलॉनच्या गिअरचे दात पार झिजले होते. हा गिअर सुटा मिळतो, नव्या ओपनरच्या किमतीपुढे अगदी किरकोळ पैशांत.

पण तो झिजला कशाने? दाराचं वजन ओपनर पेलत नाही, स्प्रिंगा पेलतात. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० उघडझापांचं. दिवसाला चार धरल्या तर जेमतेम सात वर्षं. तपासणी सोपी आहे. दार बंद असताना लाल दोरी ओढून ते ओपनरपासून सोडवायचं आणि हाताने अर्ध्यावर उचलायचं. ते तिथेच थांबलं, तर स्प्रिंग ठीक. आमचं अर्ध्यावर ठरेना, खालीच ओढ घेत होतं; स्प्रिंग दमली होती आणि दाराचं ओझं ओपनरवर पडत होतं. म्हणजे ६०० डॉलरचा नवा ओपनरही त्याच ओझ्याने झिजला असता!

अर्थात, बदलायलाच हवेत असेही ओपनर असतात. १ जानेवारी १९९३पासून अमेरिकेत विक्रीसाठी बनलेल्या घरगुती ओपनरला, वाटेत कुणी आलं तर दार उलट फिरवणारी सोय सक्तीची आहे, कारण दाराखाली सापडून मुलं दगावली होती. ती सोय नसलेला ओपनर चालू असला तरी काढून टाकावा. आमचा २००६चा आहे, वाटेत कुणी आलं की ओळखणारे त्याचे सेन्सर शाबूत आहेत.

ताणलेल्या स्प्रिंगला हात लावणं जिवावरचं काम, म्हणून ती दुसऱ्या कारागिराकडून बदलून घेतली. गिअर मी बसवला. आता कुणालाही बोलावताना फोनवरच विचारते: शिडी आणणार ना? झाकण उघडणार ना?